ढकललं की ओढलं

१२ जुलै

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पाकिटावर हाताच्या सवयीनं आधी ‘सौ.’ लिहिलं गेलं, मग खोडावं लागलं. खाडाखोड दिसली तर रागावू नकोस. दादाला जाऊन दुसरं वर्ष लागलं, तरी माझ्या हाताला ते अजून कळलेलं नाही.

तुझं पत्र मिळालं, पण चारच ओळींचं. पोचले, खोली मिळाली, काम सुरू झालं, काळजी नसावी. अगं, तू इथे होतीस तेव्हा भाजीवाल्याशी तुझं नुसतं वाजलं तरी त्याची हकीकत मला दोन दिवस पुरायची. आता परक्या गावी एकटी जाऊन राहिलीस आणि सांगायला चार ओळी? लिहायला बसलीस की शिवणाच्या मशीनसारखी आधी थोडी अडतेस, हे मला माहीत आहे. तेव्हा पुढचं पत्र सलग येऊ दे.

माझी बातमी अशी, की मानवी भूगोल शिकवणारे आमचे सर वर्षाच्या सुरुवातीलाच नोकरी सोडून गेले आणि प्राचार्यांनी तो विषय माझ्या गळ्यात बांधला. मी आयुष्यभर नद्या, खडक आणि वारे शिकवले. खडकाला कसं वाटतं ते विचारावं लागत नाही. आता पहिल्या वर्षाच्या मुलांना माणसं कुठे राहतात, का राहतात, का उठून जातात, हे सांगायचं. मीच पुस्तक घेऊन त्यांच्या एक पान पुढे पळते आहे.

पहिल्या तासाला जागा आणि ठिकाण यांतला फरक सांगितला. जागा मोजता येते. लांबी, रुंदी, इथून तिथवरचं अंतर. तिथे माणूस राहिला, हसला, भांडला, की त्या जागेचं ठिकाण होतं. मुलांनी भराभर उतरवून घेतलं. मी घरी आले, कुलूप काढलं आणि दारातच उभी राहिले. खोल्या त्याच, सामान तेच. पण मला वाटलं, की हे घर उलट्या दिशेनं निघालंय. पुन्हा नुसती मोजायची जागा होत चाललंय.

असो. तुझं एक काम आहे. छापील नकाशा न बघता, कुणाला न विचारता, ते गाव तुझ्या डोक्यात जसं आहे तसं कागदावर काढून पाठव. मला वर्गात दाखवायचंय. चुकलं तरी चालेल, आम्हाला चुकलेलंच जास्त कामाला येतं.

दादाची खोली रोज झाडते. त्याचं टेबल, मुद्रितं तपासायच्या लाल पेन्सिली, खुर्चीवरची शाल, सगळं जिथल्या तिथे आहे. डिसेंबरात तुझे नोकरीचे सहा महिने भरतील तेव्हा तुला काही शोधावं लागणार नाही.

लोभ आहेच. एवढ्या अंतरावरून येताना तो पातळ होऊ नये इतकंच बघ.

तुझी,
नणंद


२६ जुलै

चि. नकाशेबाईस,
अ. आ. वि. वि.

हे घे सलग पत्र. मग म्हणू नकोस, की वहिनीनं डोकं खाल्लं.

इस्पितळाच्या तळघरात आमची शिवणखोली आहे. शेजारी धुलाई. गरम पाण्याचा जाड नळ आमच्या डोक्यावरून जातो, त्यामुळे आम्ही कायम उकडलेल्या. तीन मशीन, त्यातली एक माहेरून रुसून आलेली. दिवसभर चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले. चादर मधोमध विरली की ती उभी फाडायची आणि चांगल्या कडा आत घेऊन जोडायच्या. विरलेला भाग कडेला जातो. मधली शिवण मात्र चपटी बसवावी लागते, नाहीतर आजाऱ्याच्या पाठीला रुतते. माझी शिवण बघून मुकादम बाईंनी नुसती मान हलवली. त्यांच्याकडून ते बक्षीसच समजायचं म्हणे.

बरोबर एक काजं करणारी आहे. तिच्या तोंडात सुई असते, त्यामुळे बोलणं नाही. सगळे मला ‘नवीन बाई’ म्हणतात. गंमत बघ, तुमच्या घरात आल्या दिवसापासून मी कुणाची तरी वहिनी होते, मग काकू, मग मामी. इथे कुणाचीच कुणी नाही. पहिल्यांदा हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग एका रविवारी संध्याकाळी दूध आणायला गेले आणि दुकानदाराशी बोलायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते, हे तेव्हा लक्षात आलं.

खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. खिडकीतून बस आगाराची मागची भिंत दिसते. भिंतीवर एक मांजर बसतं. माझ्याकडे बघतं आणि तोंड फिरवतं. गावात ओळख म्हणावी तर तेवढीच.

नकाशा काढलाय. हात शिवणाचा आहे, चित्राचा नाही, तेव्हा हसू नकोस. इस्पितळ गावापेक्षा मोठं झालंय, कारण मला ते तसंच वाटतं. तिथून खोलीपर्यंतचा रस्ता, दूध, किराणा, टपालपेटी. मग पूल. पुलापलीकडे मोठं गाव आहे म्हणतात. मी गेले नाही, म्हणून तिथे कोरंच ठेवलंय.

तू जेवतेस ना नीट? एकटीसाठी पातेलं चढवायचा कंटाळा येतो हे मला आता समजलंय, त्यामुळे तू खोटं लिहिलंस तर कळेल. पुस्तक वाचत उभ्यानं खाऊ नकोस.

आशीर्वाद आहेतच. माया आटणाऱ्यातली मी नाही.

तुझी,
वहिनी


२० ऑगस्ट

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझा नकाशा मी वर्गात फळ्यावर लावला. कुणाचा ते सांगितलं नाही. मुलांना म्हटलं, हा काढणारा माणूस कोण असेल ते सांगा. मुलं पोलिसासारखी तुटून पडली. कुणी म्हणालं, ही बाई आहे, कारण दूध आणि किराणा अगदी नीट काढलाय. कुणी म्हणालं, नवीन आलेली आहे, कारण रस्त्याला एकही गल्ली फुटत नाही. जाते तशीच परत येते. मी खूश होते. तास रंगला होता.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. सहसा बोलत नाही ती. म्हणाली, की या नकाशात इमारती आहेत, पण घर एकही नाही. म्हणजे जिथे ही बाई न कळवता जाऊन बसू शकेल असं एकही दार नाही. मला वाटलं, मी तुझं कपाट उघडून चारचौघांना दाखवलं.

पण मुलं थोडीच थांबतात. त्यांनी माझाही नकाशा मागितला. मी ऐटीत खडू उचलला. जन्म गेला या गावात, डोळे मिटून काढीन म्हटलं. घर काढलं, कॉलेज काढलं, मधला रस्ता, पोस्ट, बँक. आणि खडू थांबला. पुढे काय काढायचं? डॉक्टरांकडे जायचे ते तुझ्याबरोबर. नाक्यावरच्या बायकांशी बोलणं तुझं, मी शेजारी पिशवी धरून उभी. मित्रांच्या घरी दादा न्यायचा. तुम्ही दोघं वजा केलीत तर माझं गाव तुझ्या गावापेक्षा लहान आहे, वहिनी. वेळ संपली म्हणून सुटले.

काल स्थलांतर शिकवलं. माणूस गाव सोडतो त्याची कारणं दोन प्रकारची असतात. काही मागून ढकलतात, जसं दुष्काळ, बेकारी, भांडणतंटा. काही पुढून ओढतात, जसं काम, शिक्षण, आपली माणसं. बहुतेकदा दोन्ही मिळून. शिकवता शिकवता माझ्या मनात आलं, की हे मी तुला कधी विचारलंच नाही. तू एका दुपारी जाहिरातीचं कात्रण माझ्यापुढे ठेवलंस आणि म्हणालीस, की सहा महिन्यांचाच प्रश्न आहे, जरा हवापालट होईल. मी मान डोलावली. आता विचारते. तुला ढकललं की ओढलं?

पुस्तकात असंही आहे, की अंतर वाढत जातं तसं येणंजाणं आणि निरोप कमी होत जातात. जगभर मोजून पाहिलेलं आहे म्हणे. आपण दोघी हे खोटं पाडू.

पत्राची वाट बघण्यात मला कुणी हरवू शकणार नाही, हे ध्यानात असू दे.

तुझी,
नणंद


२८ सप्टेंबर

चि. नकाशेबाईस,
अ. आ. वि. वि.

उशीर झाला, कारण तापानं आडवी झाले होते. घाबरू नकोस. आता ठणठणीत आहे आणि हे पत्र मशीनवर बसूनच लिहिते आहे, मुकादम बाई वर गेल्यात तोवर.

ताप चढला त्या दिवशी पाण्याचा तांब्याही उचलवेना. दार आतून लावलेलं. पडल्या पडल्या विचार केला, की आपल्याला काही झालं तर पहिल्यांदा कुणाला कळेल? मांजराला. आणि ते कुणाला सांगायचं नाही. हसू आलं आणि त्यानंच रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी दार कुणीतरी धडाधडा वाजवलं. खाली सायकलवाला आहे ना, त्याची आई. तिला मी नुसतं जाता-येता बघायचे. तिची बोली मला अर्धी कळते, तिला माझी पाव. तिनं हातवारे करून सांगितलं, की तिच्या डोक्यावर रोज माझी पावलं वाजतात आणि ती आदल्या दिवसापासून वाजली नाहीत. तेवढ्यावरून जिना चढून आली, गुडघे धरून. मला चहा पाजला, कपाळावर ओला फडका ठेवला आणि मला समजत नाही हे माहीत असून संध्याकाळपर्यंत बडबडत बसली. किती बरं वाटलं म्हणून सांगू! अर्थ कळला नाही, पण माणसाचा आवाज होता.

मी तिला मावशी म्हणायला लागले. बरी झाल्यावर मला हाताला धरून पुलापलीकडे तिच्या लेकीकडे घेऊन गेली. तिथे त्या लेकीच्या झग्याची बाही चुकली होती, ती मी उसवून बसवून दिली. आता तिथल्या दोघीतिघी दर रविवारी कापड घेऊन माझी वाट बघतात. सांग तुझ्या मागच्या बाकावरच्या मुलीला, एक दार मिळालंय म्हणावं.

तुझ्या प्रश्नाचं बघू. असल्या गोष्टी ताप उतरल्या उतरल्या लिहू नयेत.

हो, आणि एक राहिलंच. जिच्या जागी मी सहा महिन्यांसाठी आले ती बाई आता परत येणार नाही. इस्पितळवाले विचारतायत, की कायमची राहता का. मी अजून हो-नाही काही बोललेले नाही.

जपून राहा. मन हलकं ठेव.

तुझी,
वहिनी


७ ऑक्टोबर

ती. वहिनीस,
सा. न.

तापाचं वाचून जीव थाऱ्यावर नव्हता. मला कळवायचंस तरी. आणि मग शेवटची ओळ वाचली. चादरीची किनार मुडपावी तशी तू ती बातमी आत मुडपून टाकलीस. एक राहिलंच, म्हणे!

हो-नाही बोलले नाही, असं लिहितेस. ज्याला नाही म्हणायचं असतं तो लगेच म्हणतो.

या आठवड्यात मी वर्गात जुना वाद शिकवला. काही जाणते म्हणत, की माणसाचं जगणं जमीन आणि हवा ठरवतात, माणूस आपला त्या साच्यात बसतो. दुसरे म्हणाले, तसं नाही. निसर्ग चार वाटा समोर ठेवतो आणि त्यातली कुठली धरायची ते माणूस ठरवतो. मी आजवर तुझ्या बाबतीत पहिलंच मानत होते. दुःख झालं, त्यानं तिला तिकडे नेलं, दुःख ओसरलं की येईल. आता दिसतंय, की तू ठरवतेस.

मग हेही ठरव, की या घराचं काय करायचं. दादाची खोली मी कुणासाठी झाडते आहे? तू माझी वहिनी झालीस ती दादामुळे. तो नाही, तूही येणार नाहीस, मग आपण दोघी एकमेकींच्या कोण उरतो? असं नातं पुस्तकात कुठे सापडत नाही.

मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अजून यायचंय. ढकललं की ओढलं?

लोभाचं काय लिहू, तुझं तूच बघ.

नणंद


२५ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा फेकलं आणि दोनदा उचललं. आज उत्तर लिहिते. उभ्यानं वाचू नकोस, बस.

मला ढकललं. ओढलं कुणीच नाही. या गावात माझं कोण होतं? जाहिरात दुसऱ्या कुठल्या गावची असती तर तिथे गेले असते.

आणि ढकललं ते तू. थांब, पुढचं वाच. तू वाईट वागलीस म्हणून नाही. तू इतकी चांगली वागलीस, की मला श्वास घेता येईना. हे गेले आणि तू त्यांची एक गोष्ट हलू दिली नाहीस. शाल खुर्चीवर, पेन्सिली डब्यात. रोज संध्याकाळी कॉलेजातून आलीस की माझ्यासमोर बसायचीस आणि विचारायचीस, की दादा तेव्हा काय म्हणाला होता, त्या प्रवासात काय झालं होतं. मी सांगायचे. तुझा चेहरा उजळायचा, म्हणून पुन्हा सांगायचे. हळूहळू मला वाटायला लागलं, की मी बाई नाही, मी त्यांचं सामान ठेवायचं कपाट आहे. तू येऊन दार उघडतेस, हवं ते बघतेस आणि पुन्हा नीट लावून ठेवतेस.

एक सांगू? तू पत्रात ‘दादाची खोली’ लिहितेस. त्या खोलीत माझा संसार झाला गं. त्या खिडकीचे पडदे मी शिवले, त्या पलंगावर मी तापात पडले, मूल राहिलं नाही तेव्हा त्याच भिंतीकडे तोंड करून झोपले. तरी ती दादाची खोली. मी रागानं लिहीत नाही. तूच लिहिलंस ना, माणूस राहिला की जागेचं ठिकाण होतं? मग जागा एक असली तरी प्रत्येकाचं ठिकाण वेगळंच. तुझ्यासाठी त्या घरात ते अजून आहेत. माझ्यासाठी त्या घरात, प्रत्येक कोपऱ्यात, ते नाहीत. एकाच घरात दोघींनी असं कसं राहायचं? तू एकटी पडशील हे मला दिसत होतं. माझ्याशिवाय तुला जेवणाची आठवण करून द्यायला कुणी नाही हेही माहीत होतं. तरी मी निघाले. ठरवलं मी, हे तू बरोबर लिहिलंस.

आपण एकमेकींच्या कोण, असं विचारतेस. मी लग्न होऊन आले तेव्हा तू शाळकरी होतीस. तुझी वेणी कुणी घातली? परीक्षेच्या आदल्या दिवशी तुला उलट्या व्हायच्या तेव्हा रात्रभर पाठीवरून हात कुणी फिरवला? ते काही ह्यांनी मला सांगितलं नव्हतं. त्यांना तर पत्ताही नसायचा.

मी इस्पितळाला हो सांगितलंय. तुला आधी कळवायला हवं होतं, पण कळवलं असतं तर हो म्हणवलं नसतं.

वर्षअखेरीच्या सुट्टीत इकडे ये. मी कुठे राहते ते बघ. भांडायचं तर इथे येऊन भांड, जिन्यावर बसून, मावशीलाही करमणूक होईल.

माझं आयुष्य तुला लागो असं पूर्वी लिहायचे. आता लिहिते, तुझं तुलाच भरपूर लागो.

तुझी,
वहिनी


१० नोव्हेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र बसूनच वाचलं. उत्तर पाच वेळा लिहिलं आणि पाचही वेळा ते प्राध्यापिकेनं लिहिल्यासारखं झालं. म्हणून लांबण लावत नाही.

कॉलेजला सुट्टी लागली की येते. बसनं येईन, आठवडाभर राहीन. तुमच्या खोलीला कुलूप लावून किल्ली बरोबर आणते, ती तुझ्याजवळच असायला हवी.

बाकी समक्ष. तोवर वहिनीपण सांभाळून ठेव.

तुझी,
नणंद


३ जानेवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं, पण ते मी तुला पूर्वी लिहिलं तसंच निघालं. चार ओळी. तेव्हा मीच सुरुवात करते.

तू गेल्यापासून मावशी रोज विचारते, की ती पुलावर उभी राहून पाण्याकडे बोट दाखवून भाषण करणारी कधी येणार. पाण्यामुळे पूल, पुलामुळे बाजार, बाजारामुळे गाव, असं तू तिला सांगत होतीस आणि तिला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी ती तासभर मान हलवत होती. तिच्या लेकीनं तुला तिसऱ्यांदा वाढलं आणि तू नाही म्हटलं नाहीस, हे मी लक्षात ठेवलंय. म्हणजे तिकडे तू जेवत नाहीस.

शिवणखोलीत तू आलीस तेव्हा मी काजवालीच्या कुठल्याशा बोलण्यावर हसत होते. मान वर केली तर तू दारात. किती वेळ उभी होतीस कोण जाणे. तुझा चेहरा मला वाचता आला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

आता मनातलं. सगळा आठवडा मी वाट बघितली, की तू म्हणशील, वहिनी, घरी चल. रोज सकाळी मी नकार तयार करून ठेवायचे. तू विचारलंच नाहीस. पडद्यांविषयी विचारलंस, मांजराविषयी विचारलंस, पण ते नाही. मला सुटल्यासारखं वाटलं आणि थोडा रागही आला. तसं दोन्ही होतं माणसाला.

मग बसथांब्यावर तू खिडकीत बसलीस, मी खाली. कंडक्टर माणसं ताडून बघत आला आणि मला म्हणाला, की बाई चढा, तुमची सीट या बाईंच्या शेजारीच आहे, दोन सीटा आहेत यांच्या. तेव्हा मला कळलं, तू निघतानाच परतीच्या दोन सीटा धरून आली होतीस. आणि आठवडाभर तोंडातून अवाक्षर काढलं नाहीस.

तुला एक विचारायचंय आणि खरं सांग. माझा एक पाय बसच्या पायरीवर गेला होता. हातात पिशवी नाही, खोलीला नुसती कडी, मावशीला सांगितलेलं नाही. तरी गेला. माझा मलाच पत्ता नाही कसा. तुला दिसला होता का?

आशीर्वाद तेच, आणि आता थोडी धाकधूकही.

तुझी,
वहिनी


१२ जानेवारी

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

दिसला होता.

तू माझ्याकडे नाही, पायरीकडे बघत होतीस. मला काही करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं. तू आली असतीस. नेसत्या कपड्यांनिशी आली असतीस, कारण माझ्या शेजारची सीट रिकामी जाणार हे तुला बघवलं नसतं. मला त्या वेळी पुस्तकातलं काही आठवलं वगैरे नाही. मला आठवलीस ती त्या तळघरात हसणारी तू. दारात मी बराच वेळ उभी होते. तू मान मागे टाकून हसत होतीस आणि मी मनात हिशोब लावत होते, की असं हसताना हिला मी शेवटचं कधी पाहिलं. दादा गेल्यापासून नाही, असं म्हणून सोडून देता आलं असतं. पण त्याच्या आधीही फारसं नाही, वहिनी. आमच्या घरात तू हसवायचीस, हसायचो आम्ही.

आणि मावशींनी मी कोण म्हणून विचारलं तेव्हा तू नणंद म्हणाली नाहीस. धाकटी आहे, म्हणालीस. कुणाची, ते सांगितलं नाहीस. त्यांनीही विचारलं नाही.

म्हणून मी कंडक्टरला खिडकीतून सांगितलं, की या पोचवायला आल्यात, त्या येणार नाहीत, गाडी सोडा. माझा आवाज चढला होता हे मला माहीत आहे. लोकांनी वळून बघितलं. तसा चढला नसता तर तो निघालाच नसता. तू पाय मागे घेतलास आणि गाडी हलली. मी हात हलवला नाही, कारण मी समोरच्या सीटचा दांडा धरून ठेवला होता.

शेजारच्या सीटवर मी माझी पिशवी ठेवली. वाटेत दोघांनी विचारलं, इथे कुणी आहे का. मी म्हटलं, हो, आहे. तिसऱ्या थांब्यावर एक बाई चढली. कुठल्यातरी कारखान्यातून सुटलेली असावी, हाताला काळं तेल लागलेलं, डब्याची पिशवी. तिनं विचारलं नाही, नुसती दांड्याला लटकून उभी राहिली आणि उभ्या उभ्या डोळे मिटले. मी पिशवी मांडीवर घेतली आणि तिच्या हाताला हात लावला. तिनं विचारलं, की कुणी येणार नाही ना. मी म्हटलं, नाही, कुणी नाही, बसा.

ती बसली आणि लगेच झोपली. तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. हात बधिर झाला तरी मी हलले नाही. बाहेर गावं जात होती. एरवी मी प्रत्येकाचं नाव वाचते, नदी कुठली, उतार कुठे, बघत असते. त्या दिवशी एकही वाचलं नाही.

ऊन कलल्यावर ती एकदम जागी झाली, ओशाळून हसली आणि उतरून गेली. ते कुठलं गाव होतं, मला सांगता येणार नाही. गाडी सुटली. सीटवर तिची ऊब अजून होती. मी तिथे हात ठेवला आणि ऊब जाईपर्यंत तसाच राहू दिला. मग रडले.

इतकंच सांगायचं होतं. तुझा लोभ मला पुरतो आहे.

धाकटी